एकाच सम्पवर सहा टाक्या चालवायच्यात, जमेल का? (गप्पी + मोली + एंजलची पिल्लं, तिसरा मजला)

गप्पीवेडा_भांडुप

नमस्कार मंडळी. माझ्याकडे सहा टाक्या आहेत, सगळ्या २ बाय १ बाय १ फुटाच्या. चारमध्ये गप्पी (दोन लाइन म्हणजे दोन वेगळे वाण, नर-माद्या वेगळ्या ठेवलेल्या), एकात मोली आणि एकात एंजलची पिल्लं. प्रत्येकात ते छोटं आत बुडवायचं पॉवर फिल्टर आहे. सहा फिल्टर म्हणजे सहा वायरी, सहा स्पंज, रविवारची सकाळ स्पंज पिळण्यातच जाते आणि आईचं रोज एकच, हॉलमधला तो बोर्ड बघून मला धडकी भरते.

तर डोक्यात असं आहे की लोखंडी अँगलचा रॅक बनवून घ्यायचा, तीन खण, खणात दोन-दोन टाक्या, सगळ्यात खाली ३ बाय १ बाय १ चा सम्प (सगळ्या टाक्यांचं पाणी उतरून गाळलं जातं ती टाकी) आणि ते परत वर चढवायला एकच पंप. कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या दुकानांत बघितलंय, भिंतभर टाक्या आणि खाली एकच फिल्टर. घरात तसं कोणी केलंय का? किती लिटरचा पंप लागेल, लाइट गेली तर पाणी खाली येऊन सम्प उतू जातो का, आणि बिलात काही फरक पडतो का? खालच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरीच राहतात, त्यामुळे पाणी गळणं हा विषय मला परवडणारा नाही.

सम्पवाला_मुलुंड

भावा, जमतं, माझा असा रॅक चालू आहे, पण आधी बिलाचा गैरसमज काढून टाक. सहा छोटी फिल्टरं प्रत्येकी ८-१० वॉटची धरली तर ५०-६० वॉट झाले आणि तुला जो पंप लागणार तोही साधारण तेवढेच वॉट खाणार. ५५ वॉट चोवीस तास म्हणजे महिन्याला ४० युनिट, तिथे शून्य फायदा. फायदा आहे तो साफसफाईत, एकाच जागी फिल्टर वूल बदलायचं आणि विषय संपला, शिवाय पाणी एकूण जास्त असल्यामुळे एखाद्या टाकीत मासा मेला तरी अमोनिया एकदम उसळत नाही.

पंपाचं असं आहे की बॉक्सवर ३००० लिटर पर अवर लिहिलेलं असतं ते शून्य हेडवर, म्हणजे पाणी वर चढवायचं नसताना. तुझ्या वरच्या खणात पाणी सम्पपासून साडेपाच-सहा फूट वर जाणार, तिथे तोच पंप निम्मं पाणीसुद्धा देईल याची खात्री नाही. टाकीत निव्वळ ५० लिटर धरलं तर सहा टाक्यांचं ३००, ते तासाला पाच वेळा फिरवायचं म्हणजे सहा फुटांवर १५०० मिळायला हवं. म्हणून बॉक्सवरचा मॅक्स हेड बघ, ३ मीटरच्या खालचा घेऊच नको, आणि ३५००-४००० वाला घेऊन व्हॉल्व्हने दाब. पंपाच्या वर एक युनियन (उघडता येणारा जोड) टाकून घे, नाहीतर साफ करायला काढताना दर वेळी पाइप कापावा लागेल.

आता तुझा मेन प्रश्न, लाइट गेल्यावरचा. दोन गोष्टी होतात. ओव्हरफ्लोच्या (टाकीतलं जादा पाणी सम्पमध्ये सोडणाऱ्या होलच्या) काठाच्या वर जेवढं पाणी चढलेलं असतं ते खाली येतं, ते थोडंच असतं. खरा घोळ रिटर्न पाइपचा (पंपाकडून टाकीत पाणी आणतो तो), त्याचं तोंड पाण्यात बुडलेलं असेल तर उलटा सायफन लागून पाणी त्या तोंडापर्यंत खाली उतरतं. हिशोब कर, २ बाय १ च्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे पावणेपाच लिटर. सहा टाक्यांचं एक इंच म्हणजे २८. पाइप तीन इंच बुडलेला असला तर ८५ लिटर, आणि तुझा अख्खा सम्पच ८५ लिटरचा! म्हणून रिटर्नची तोंडं पाण्याला जेमतेम टेकतील एवढीच ठेव, पाण्याच्या लेव्हलच्या किंचित खाली पाइपला ३ मिमीचं भोक मार म्हणजे हवा शिरून सायफन तुटतो, आणि सम्प चालू असताना अर्ध्याच्या वर कधी भरू नकोस. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या भरवशावर राहू नको, त्यात एक बारकी गोगलगाय अडकली की तो बंदच होत नाही. ते भोकसुद्धा शेवाळाने बुजतं, अधूनमधून टाचणी फिरवायची.

उलटं पण होतं, ते लोक विसरतात. ओव्हरफ्लोच्या जाळीवर पान किंवा मेलेला मासा बसला तर पंप त्या टाकीत पाणी ढकलतच राहतो आणि लादीवर पाणी. म्हणून जाळी मोठी घे, बारीक तुकडा लावू नको, आणि जमलं तर प्रत्येक टाकीला वर एक इमर्जन्सीचं दुसरं होल.

होलबद्दल, टाकीच्या मागच्या काचेला वरच्या बाजूला एक होल, त्यात टँक निपल (सिन्टेक्सच्या टाकीला लावतात तोच, हार्डवेअरमध्ये मिळतो), आतून एल्बो. एल्बोला सॉल्व्हंट (पाइप चिकटवायचा गोंद) लावायचं नाही, नुसता घट्ट बसवायचा, म्हणजे तो फिरवून पाण्याची लेव्हल वरखाली करता येते. एक इंची निपलमधून गुरगुर न करता हजारेक लिटर आरामात जातं, तुला टाकीमागे २५०-३०० च लागणार. खाली उतरणारा कॉमन पाइप मात्र दोन इंची, आणि आडव्या पाइपला उतार दे.

जुना_हौशी_दादर

वरच्या भाऊंनी प्लंबिंग चोख सांगितलंय, त्यावर मला काही म्हणायचं नाही. पण गप्पीवेडा, तुम्ही दोन लाइन सांभाळताय, नर-माद्या वेगळ्या ठेवताय, म्हणजे तुम्ही ब्रीडिंग करताय. मग पाणी कॉमन कशाला करताय? हवा कॉमन करा.

एक चांगला मोठा एअर पंप घ्या, पिस्टनवाला किंवा डायफ्रामवाला, ३५ वॉटच्या आसपास. पाऊण इंची पीव्हीसी पाइपचा दांडा रॅकच्या मागून फिरवा, त्याला बारीक व्हॉल्व्ह आणि प्रत्येक टाकीत एक स्पंज फिल्टर. वायर एकच. होल नाही, सम्प नाही, सेक्रेटरींच्या सीलिंगला धोका नाही. महिन्याला २५ युनिट. स्पंज पिळायचं काम उरतं हे मान्य, पण टाकीतच्याच काढलेल्या पाण्यात दोनदा दाबला की झालं, सहाचे मिळून अर्धा तास. एवढंच लक्षात ठेवा की पंप सगळ्या टाक्यांच्या पाण्यापेक्षा वर ठेवायचा, नाहीतर लाइट गेल्यावर नळीतून पाणी उलटं पंपात.

आता का म्हणतो ते सांगतो. गप्पीचं पिल्लू जन्मतः एवढंसं असतं, ओव्हरफ्लोच्या धारेला ते तोंड देऊ शकत नाही, जाळीच्या भोकातून सरळ खाली. सम्पवाल्या गप्पीकरांना विचारा, सिरॅमिक रिंगांच्या कप्प्यात अंधारात मजेत वाढलेले गप्पी कितीदा सापडलेत ते. आता ते पिल्लू कुठल्या लाइनचं हे कोण सांगणार? आणि त्यातलं एखादं पंपातून वाचून माद्यांच्या टाकीत पोचलं तर गप्पीची मादी एकदा फळली की नराचे शुक्राणू महिनोन्‌महिने साठवून ठेवते, ती लाइन गेलीच म्हणून समजा. शिवाय पिल्लांना आर्टेमिया (बारीक जिवंत खाद्य) घालता ना? वाहत्या पाण्यात अर्धा आर्टेमिया ओव्हरफ्लोमधून खाली जातो, दर वेळी व्हॉल्व्ह बंद करा, अर्ध्या तासाने उघडा, आणि एकदा उघडायचं राहिलं की त्या टाकीचं फिल्टरच बंद.

आणि रोग. बिल्डिंगची टाकी एकच असली की एका घरात नाही, सगळ्या नळांना गढूळ पाणी येतं, तसंच. व्हाइट स्पॉटचे (अंगावर पांढरे ठिपके येतात तो रोग) जंतू पाण्यात मोकळे पोहतात, आपल्याकडे पाणी बारा महिने गरम, २८-३० डिग्रीला त्याचं चक्र आठवड्याच्या आत पूर्ण होतं. एका टाकीत ठिपके दिसले म्हणजे सहाच्या सहा टाक्यांना औषध. आणि मिथिलीन ब्लू सम्पमध्ये गेलं की फिल्टरचे बॅक्टेरियाही मरतात, मग माशांना अमोनियाचा दुसरा मार. दुकानदाराला हे चालतं कारण त्याचा माल चार दिवसांत विकून मोकळा होतो.

सम्पवाला_मुलुंड

काका, रोगाचं बरोबर आहे पण म्हणून सम्प वाईट असं नाही ना. नवीन मासा थेट रॅकमध्ये टाकायचाच नाही, तीन-चार आठवडे बाजूला एका टाकीत, तिचं जाळं, पाइप, बादली सगळं वेगळं. हे पाळलं तर कॉमन पाणी काही त्रास देत नाही, आणि हे ज्याला पाळायचं नाही त्याच्या सुट्या टाक्यांतही एकच जाळं सगळीकडे फिरतं, रोग जातोच. रिटर्न लाइनवर यूव्ही (जंतू मारणारा दिवा) लावला तर आणखी बरं, फक्त पाणी त्यातून सावकाश गेलं पाहिजे आणि ट्यूब वर्षाने बदलायची, निळी दिसतेय म्हणजे काम करतेय असं नसतं.

पिल्लांच्या लाइनचं मात्र काका म्हणतात ते १०० टक्के खरं, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. स्टीलची बारीक जाळी लावली तर पिल्लू अडतं पण जाळी रोज बुजते.

गप्पीवेडा_भांडुप

बापरे, एवढा विचार केलाच नव्हता. दोघांचेही आभार. समजा सम्प केलाच तर मोली आणि एंजल एकाच पाण्यात कसे चालतील? मोलीला खारट-कडक पाणी लागतं म्हणतात आणि एंजलला मऊ. आणि गॅलरीत फायटरच्या बरण्या आहेत त्याही जोडू का?

टेस्टकिट_ताई

फायटर अजिबात नको. त्याला धार सोसत नाही, पिसारा ओढला जातो, आणि तो बिचारा तसाही वरून हवा घेतो, त्याला तुझ्या १५०० लिटरच्या गोंधळाचं काय करायचंय. वेगळ्या झाकणाच्या टाकीत ठेव, आणि बरणी सोड रे बाबा, निदान १५-२० लिटरची टाकी दे.

पाण्याबद्दल. कॉमन सिस्टिम म्हणजे सगळ्यांना एकच पीएच, एकच हार्डनेस, एकच तापमान, यात मधला मार्ग नसतो. आपल्या मुंबईचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांतून येतं, पावसाचं साठवलेलं, म्हणून मऊ असतं आणि त्याचा केएच (पीएच घसरू न देणारी अल्कलिनिटी) कमी. एंजलना हे झकास, गप्पी चालवून घेतात, मोली मात्र त्यात कुढतात, अंग आखडून थरथरत एकाच जागी डुलताना दिसतील. म्हणजे एक तर मोली बाहेर किंवा एंजल बाहेर.

आणि ज्या गोष्टीवर अजून कोणी बोललं नाही ती ही. फिल्टरमधले बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा पाण्यातली अल्कलिनिटी खातात, १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे ७ मिलिग्रॅमच्या वर, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात. पाणी कडक असलं तर जाणवत नाही, पण आपल्या मऊ पाण्यात सहा टाक्यांचे मासे, सगळ्यांची विष्ठा एका सम्पमध्ये, फिल्टर जोरात चाललेलं, आणि पाणी बदलायचा कंटाळा, असं सगळं जुळलं की केएच शून्याकडे जातो आणि मग पीएच एकदम घसरतो. सहाच्या खाली गेला की बॅक्टेरियाच थंडावतात आणि अमोनिया साठायला लागतो. पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ! लोक मग म्हणतात मासे अचानक का गेले. अशा वेळी घाबरून खायचा सोडा ओतायचा नाही, पीएच झटक्यात वर गेला की साठलेला अमोनिया विषारी रूपात येतो. थोडं थोडं पाणी बदलत वर आणायचं. गप्पी-मोलीचाच रॅक असेल तर सम्पमध्ये कोरलचा चुरा किंवा धुतलेले शिंपले जाळीच्या पिशवीत घालून ठेव, ते हळूहळू विरघळत केएच धरून ठेवतात. टेस्ट किट घेशील तेव्हा नुसतं पीएचचं घेऊ नको, केएचचं घे.

पाणी बदलताना नवीन पाणी सम्पमध्ये ओतशील, तर अँटिक्लोरीन आधी बादलीत. हायपोचे खडे (तेच अँटिक्लोरीन) स्वस्तात मिळतात, पण एकाच सिस्टिमला जोडलेलं म्हणजे विसरलं तर सगळ्यांनाच क्लोरीन. आणि पाणी ड्रममध्ये साठवून मुरवणार असशील तर झाकण पक्कं, पालिकेचे लोक डेंगीच्या अळ्या बघायला येतात तेव्हा उघडा ड्रम दिसला तर नोटीस. (तेच खातं डासांसाठी गप्पी सोडतं, पण तुझ्या ड्रममध्ये गप्पी आहेत हे पटवत बसावं लागेल.) २०२४ च्या जूनसारखी १० टक्के पाणीकपात लागली की आठवड्याचं ७०-८० लिटर बदलणं सोसायटीत डोळ्यावर येतं, तेव्हा ते पाणी कुंड्यांना घाल आणि चार लोकांना दिसेल असं घाल.

सिव्हिलवाला_ठाणे

वजनाचं कोणी विचारलंच नाही म्हणून लिहितो. सहा टाक्यांचं पाणी काठोकाठ ३४० लिटर म्हणजे ३४० किलो, काचा ६० किलो, सम्प पाण्यासकट ६०, रॅक ३०-४०. पाचशे किलो धरा. घरातल्या खोल्यांचा स्लॅब आयएस ८७५ भाग २ प्रमाणे चौरस मीटरला २०० किलो लाइव्ह लोडला डिझाइन करतात. तुमच्या रॅकचा पाया ४ बाय १ फूट, म्हणजे ०.३७ चौरस मीटर, त्यावर पाचशे. घाबरू नका, तो आकडा पूर्ण खोलीभर पसरलेल्या वजनाचा आहे आणि लोड एका जागी आला म्हणजे लगेच स्लॅब बसतो असं नाही. पण रॅक खोलीच्या मध्ये नाही, भिंतीला लागून, खाली बीम असेल त्या बाजूला, बीमच्या लांबीला समांतर. पायांखाली टोकदार अँगल नको, प्लेट वेल्ड करून त्याखाली जाड प्लाय. गॅलरीत किंवा बाहेर काढलेल्या छज्ज्यावर तर विचारही नको. वरचा खण भिंतीला क्लॅम्पने बांधा, उभा अरुंद रॅक आहे, पोरं लोंबकळतात.

बिल्डिंग ३० वर्षांवरची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं असायला हवं, सक्तीचं आहे, तो रिपोर्ट सेक्रेटरींकडे असतो. त्यांच्याकडूनच मागून बघा, म्हणजे त्यांनाही वाटेल की विचारून करतोय. लाकडी तुळयांची जुनी चाळ असेल तर नाही म्हणजे नाही.

आणि बोर्डाबद्दल आईंचं बरोबर आहे. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आहे का बघा, आणि बोर्ड टाक्यांच्या वर लावा. प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबून मग वर गेली पाहिजे, म्हणजे ओघळ आलाच तर तो खाली टपकतो, सॉकेटमध्ये शिरत नाही.

लालबागचा_ऑस्करवाला

मधेच येतोय. लाइट जाण्याबद्दल एवढंच, मुंबईत जात नाही जात नाही म्हणतो आपण आणि १२ ऑक्टोबर २०२० ला सोमवारी सकाळी अख्खी मुंबई तासन्‌तास बंद होती, लोकल सुद्धा. एकच पंप म्हणजे तो बंद तर सगळंच बंद, हे पंप जळल्यावरही होतं, लाइट असून. सम्प कर की एअर लाइन कर, जे काय मेन मशीन आहे ते दुसरं कपाटात पाहिजे आणि एक बॅटरीवाला एअर पंप. मे महिन्यात पाणी ३१-३२ ला जातं, गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी, मासे वर येऊन तोंड मारायला तासाभरात सुरुवात करतात.

गप्पीवेडा_भांडुप

सगळं दोनदा वाचलं. असं ठरवतोय, गप्पीच्या चारही टाक्या जुना_हौशी म्हणतात तशा एअर लाइनवर, स्पंज फिल्टर. मोली माझ्या भाच्याला देतोय, त्याला कधीचे हवेत. मग मोलीच्या आणि एंजलच्या अशा दोन्ही टाक्या एंजललाच, खालच्या खणात, आणि त्या दोनच छोट्या सम्पवर, कारण ही पिल्लं वाढली की घाण खूप करणार आणि मला सम्प करून बघायचाच आहे, हौस आहे ती. आई म्हणाली मनी प्लांट लाव त्यात. ऑडिट रिपोर्ट मागितला, सेक्रेटरी काकांनी आधी विचारलं मासे किती आहेत, मग म्हणाले बघू.

रॅकवाला विचारतोय होल तोच मारून देईल का, त्याच्याकडे ड्रिल आहे.

सम्पवाला_मुलुंड

रॅकवाल्याला काचेला हात लावू देऊ नको. टाकी बनवणाऱ्याकडूनच मारून घे, डायमंड बिटने, पाणी सोडत, दाब न देता. मागची काच टफन्ड असेल तर तिला होल होतच नाही, चुरा होतो, म्हणून आधी विचार, आणि होल काचेच्या कडेपासून निदान स्वतःच्या रुंदीएवढं आत. निपलचा रबर वायसर काचेच्या आतल्या बाजूला, हाताने आवळून वर अर्धा फेरा, पाना लावून पिळू नको. मग दोन्ही टाक्या भरून एक दिवस बाथरूममध्ये किंवा गच्चीवर ठेव, मासे न टाकता, आणि पंप चालू असताना मुद्दाम चार-पाच वेळा स्विच बंद करून बघ सम्प कुठपर्यंत भरतो ते. तिथे मार्करने रेघ मार, चालू असतानाची वेगळी रेघ मार.

दोन टाक्यांच्या सम्पला १२००-१५०० वाला पंप पुरे, हेडही आता दोन-अडीच फूटच. मनी प्लांट लाव, नायट्रेट छान खातो, पण मुळं पंपाच्या कप्प्यात येऊ देऊ नको, इंपेलरमध्ये गुंतली की पंप जाम.

जुना_हौशी_दादर

एंजल सम्पवर, गप्पी हवेवर, हे मला पटलं. चार टाक्यांना ३५ वॉटचा पंप नको आता, १५-२० वॉटचा बास होईल, पण दांड्याच्या शेवटी एक जास्तीचा व्हॉल्व्ह ठेवा, उरलेली हवा तिथून सोडायची, नाहीतर डायफ्राम लवकर फाटतो. आणि पुढच्या वेळी कुर्ल्याहून काही आणलंत तर त्याची टाकी त्या खोलीतच नको.